हाय-स्पीड यूएसबीचं कार्ड कधी ४८० ला लागतं, कधी १२ ला: चिप बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत व्हायब्रेशन मोजणारं आठ चॅनेलचं कार्ड तयार होतंय. प्रत्येक चॅनेलला २४ बिटचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप), सेकंदाला ५१,२०० सँपल. कंट्रोलर एसटीएम३२एफ४०७, आणि त्याला यूएलपीआय या बारा लाइनच्या जोडणीवरून जोडलेला यूएसबी३३०० हा बाहेरचा फाय, म्हणजे यूएसबीचे प्रत्यक्ष सिग्नल पाठवणारी-घेणारी चिप. बोर्ड दोन लेयरचा, १.६ मिमी जाडीचा. पीसीच्या मागच्या पोर्टला छोट्या केबलने लावलं तर तासन्‌तास हाय-स्पीडवर (सेकंदाला ४८० मेगाबिट) चालतं. पुढच्या पोर्टला किंवा दोन मीटरच्या केबलने लावलं की कधी फुल-स्पीडला (१२ मेगाबिट) येतं, तर कधी लिनक्सच्या लॉगमध्ये एरर −७१ (प्रोटोकॉलची चूक) टाकून बसतं. विचारलंय असं की यूएसबी३३०० काढून एफटी२३२एच किंवा एफएक्स२एलपी ही दुसरी यूएसबी चिप टाकावी का, की आतच हाय-स्पीड फाय असलेला मायक्रो घ्यावा. सोबत स्कीमॅटिक आणि लेआउटचा स्क्रीनशॉट दिलाय, ते बरं केलंत. अर्धं उत्तर त्यातच आहे.

चिप कोणती घ्यायची ते शेवटी बघू. आधी हे बघा की छोट्या केबलवर कार्ड तासन्‌तास चालतंय. म्हणजे २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सुरू होतोय, यूएलपीआयच्या बारा लाइन जागेवर आहेत, डिस्क्रिप्टर (डिव्हाइसने दिलेली स्वतःची माहिती) होस्टला, म्हणजे पीसीला, पटतायत. केबल बदलली म्हणून यातलं काही बदलत नाही. केबलने दोनच गोष्टी बदलतात: डी प्लस-डी मायनस या डेटाच्या जोडीवरचा सिग्नल आणि व्हीबसचा, म्हणजे केबलमधून येणाऱ्या विजेचा, व्होल्टेज. उद्या तुम्ही दुसरी कुठलीही चिप टाकलीत तरी तिची जोडी याच बोर्डावरून याच कनेक्टरपर्यंत जाणार आणि तिला वीजही याच व्हीबसवरून मिळणार. नवा बोर्ड हातात आल्यावर तेच रडगाणं पुन्हा ऐकायला लागेल.

दुसरा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: ४८० मेगाबिट खरंच लागतात का? बऱ्याच जणांना लागत नाहीत. फुल-स्पीडवर सुटण्यासारखं काम असेल तर फुल-स्पीडच घ्यावं, अर्धी डोकेदुखी तिथेच जाते. तुमचा हिशेब मात्र मजेशीर जागी येऊन थांबतो. आठ चॅनेल, तीन बाइट, ५१,२०० सँपल, म्हणजे सेकंदाला १२,२८,८०० बाइट. फुल-स्पीडला एका मिलिसेकंदाच्या फ्रेममध्ये ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ बल्क पॅकेट बसतात, म्हणजे सेकंदाला १२,१६,००० बाइट, आणि तेही बसवर दुसरं कोणीच नाही असं धरून. थोडक्यात हुकलं. त्यामुळे हाय-स्पीडला पर्याय नाही, आणि कार्ड गुपचूप फुल-स्पीडला उतरलं तर डेटा गळणारच. तोवर फर्मवेअरमध्ये एक सोय करून ठेवा: एन्युमरेशन (पीसीने डिव्हाइस ओळखून घेणं) फुल-स्पीडला झालं तर आठही चॅनेल सुरू करू नका, एरर दाखवा. ग्राहकाकडे अधूनमधून सँपल हरवणारं कार्ड जाण्यापेक्षा सरळ नाही म्हणणारं कार्ड गेलेलं बरं.

आता मुद्द्याचं. −७१ येणं आणि फुल-स्पीडला उतरणं ही तुम्ही एकाच आजाराची दोन रूपं धरली आहेत. मला ते दोन वेगळे आजार वाटतात, आणि हे नीट समजायला चर्प, म्हणजे हाय-स्पीडला जायचं हे दोघांनी ठरवण्याचा सुरुवातीचा इशारा, समजून घ्यावा लागतो.

कुठलंही हाय-स्पीड डिव्हाइस आधी फुल-स्पीड म्हणूनच लागतं, डी प्लसवर १.५ किलोओहमचा पुल-अप देऊन. होस्टने रीसेट दिला की डिव्हाइस डी मायनसवर करंट सोडून चर्प-के पाठवतं, किमान एक मिलिसेकंद. होस्टला ते दिसलं की तो के-जे, के-जे (जोडीच्या दोन उलट स्थिती) अशी माळ परत पाठवतो. अशा तीन जोड्या ओळखल्या की डिव्हाइसने पुल-अप काढायचा आणि दोन्ही लाइनवर ४५ ओहमचं टर्मिनेशन (सिग्नल परत उसळू नये म्हणून टोकाचा रेझिस्टन्स) लावायचं. झालं, दोघे हाय-स्पीडला. हा सगळा संवाद ८०० मिलिव्होल्टच्या आसपास चालतो, कारण तोवर टर्मिनेशन एकाच बाजूला असतं. शिवाय होस्टची प्रत्येक के किंवा जे ४० ते ६० मायक्रोसेकंदांची असते. ४८० मेगाबिटचा एक बिट असतो २.०८ नॅनोसेकंदांचा. त्याच्यापुढे चर्प म्हणजे बैलगाडीच. इम्पीडन्स (वेगवान सिग्नलला वाटेत दिसणारा रोध) थोडा चुकला, केबल जरा लांब झाली, म्हणून तो सहसा बिघडत नाही.

म्हणजे लॉगमध्ये आधी "न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस" आणि मग डिस्क्रिप्टर वाचताना −७१ आला, तर चर्प पार पडलाय आणि खऱ्या वेगाची पॅकेट फाटतायत. हा सिग्नलच्या वाटेचा दोष. आणि थेट "न्यू फुल-स्पीड" आलं, तर चर्पच झाला नाही किंवा मध्येच तुटला. त्याला ट्रेसची रुंदी सहसा कारणीभूत नसते. बहुतेक वेळा नेमका त्याच क्षणी फायला पुरेसा व्होल्टेज मिळालेला नसतो. −११० आला तर तो वेगळाच प्रकार, डिव्हाइसने उत्तरच दिलं नाही. तिथे आधी फर्मवेअर आणि इंटरप्ट बघायचे.

पहिल्या आजाराचं कारण तुमच्या स्कीमॅटिकमध्येच दिसतंय. कनेक्टर आणि यूएसबी३३०० यांच्यामध्ये डी प्लस, डी मायनसवर २७ ओहमचे दोन रेझिस्टर आहेत. ते जुन्या फुल-स्पीड बोर्डावरून आले असणार. तिथे ते बरोबरच होते, फुल-स्पीडचे बरेच ट्रान्सीव्हर बाहेरून २२ ते २७ ओहम मागतात. हाय-स्पीड फायमध्ये ४५ ओहमचं टर्मिनेशन आतच असतं. बाहेर २७ लावले की लाइनला ४५ च्या जागी ७२ दिसतात. हिशेब करून बघा. फाय पाठवताना १७.७८ मिलिॲम्पिअरचा करंट सोर्स असतो. तो आतल्या ४५ मध्ये आणि बाहेरच्या २७ अधिक ४५ मध्ये वाटला जातो, आणि होस्टकडे ४०० ऐवजी जेमतेम ३१० मिलिव्होल्ट पोचतात. छोट्या केबलवर एवढ्यात भागतं. दोन मीटरची केबल, त्यात पुढच्या पोर्टची कॅबिनेटमधली वायर, की मार्जिन संपलं.

उलट दिशेला आणखी गंमत आहे. होस्ट पाठवतो तेव्हा त्याला ४५ आणि ७२ समांतर दिसतात, म्हणून लेव्हल ४०० वरून सुमारे ४९० मिलिव्होल्टवर चढते. हाय-स्पीड होस्ट डिव्हाइस काढलं गेलं की नाही हे लेव्हल वर गेली का यावरूनच ओळखतो, आणि ती मर्यादा ५२५ ते ६२५ मिलिव्होल्टच्या मध्ये कुठेतरी असते. एखाद्या पीसीचा करंट वरच्या टोकाला असला तर कोणी हातही न लावता "डिसकनेक्ट" येतो. "काही लॅपटॉपवर आपोआप तुटतं" असं तुम्ही शेवटी लिहिलंय, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

हे माझ्या शब्दावर मानू नका, स्कोपवर बघा. १०० मेगाहर्ट्झचा साधा स्कोप चर्पसाठी पुरतो. प्रोब कनेक्टरजवळ डी मायनसवर लावा, सिंगल शॉट, आणि केबल जोडा. आधी डिव्हाइसच्या चर्प-केचा ८०० मिलिव्होल्टचा सपाट ओटा दिसेल. २७ ओहम असले तरी तो ८०० चाच राहतो, कारण तिथे करंट सोर्स एकट्या होस्टच्या ४५ मध्ये जातो. मग के-जेची कंगव्यासारखी माळ, तीही ८०० ला. काही दात झाले की उंची एकदम खाली येते: तो टर्मिनेशन लागल्याचा क्षण. ती ४०० च्या आसपास आली तर टर्मिनेशन ठीक. ५०० च्या जवळ थांबली तर बाहेर जादा रेझिस्टन्स आहे. उतरलीच नाही, तर कंट्रोलरने यूएलपीआयवरून फायला टर्मिनेशन लावायला सांगितलंच नाही किंवा ते पोचलं नाही. एका चित्रात एवढं कळतं. डेटाचा आय डायग्राम मात्र या प्रोबने बघू नका. दहा-पंधरा पिकोफॅरडचा प्रोब लावला की सिग्नल त्यानेच खराब होतो, आणि मग प्रोबचाच दोष शोधत बसाल.

उपाय सोपा: दोन्ही जागी शून्य ओहम लावा. हे आजच करता येतं.

आता फुल-स्पीडला उतरण्याचं. तुमचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर १११७ आहे. तो वाईट नाही, पण त्याला इनपुट-आउटपुटमध्ये १.१ ते १.३ व्होल्ट लागतात, म्हणजे आत ४.४ ते ४.६ हवेत. होस्टचा पोर्ट ४.७५ देतोय असं धरू. दोन मीटरची स्वस्त केबल बहुधा पॉवरलाही २८ गेजची असते, मीटरला सुमारे ०.२१ ओहम. जाऊन-येऊन चार मीटर, म्हणजे ०.८५ ओहम. तुमचं कार्ड ४०० मिलिॲम्पिअर घेतं, म्हणजे ०.३४ व्होल्ट केबलमध्येच गेले. उरले ४.४१. रेग्युलेटर तिथेच डगमगतो. तीच केबल पॉवरला २४ गेजची घेतली तर ०.१३ व्होल्टच जातात. लॅमिंग्टन रोडवर केबल घेताना बाहेरच्या जाडीवर जाऊ नका, वरचं प्लॅस्टिक जाड असतं. वर २८/२४ असं छापलंय का ते वाचा.

त्यात व्हीबसवर थेट १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. यूएसबी २.० मध्ये डिव्हाइसला १ ते १० मायक्रोफॅरडचीच मुभा आहे. शिवाय ॲनालॉगचा सगळा भाग जोडल्या क्षणापासून चालू. नियमाप्रमाणे कॉन्फिगर होईपर्यंत १०० मिलिॲम्पिअर, नंतर ५००. तुमच्याकडे लागताक्षणी मोठा कपॅसिटर भरतो, सगळे एडीसी जागे होतात, आणि त्याच धामधुमीत चर्प चाललेला असतो. कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर घ्या. व्हीबसवर सॉफ्ट-स्टार्टवाला लोड स्विच टाका, आणि ॲनालॉगची वीज होस्टकडून सेट-कॉन्फिगरेशन आल्यावरच सोडा. खात्री करायची तर स्कोपचा दुसरा चॅनेल फायच्या ३.३ व्होल्ट पिनवर ठेवा आणि चर्पसोबतच पकडा. त्याच वेळी तिथे खड्डा दिसला तर आणखी पुरावा नको.

लेआउटबद्दल मी एरवी जितका कडक असतो तितका इथे होत नाही, पण एक गोष्ट सोडवत नाही. तुमची जोडी एजीएनडी आणि डीजीएनडी (ॲनालॉग आणि डिजिटल ग्राउंड) यांच्या मधली फट ओलांडून जाते. सिग्नल वरून जातो तेव्हा परतीचा करंट खालून, अगदी त्याच्या सावलीत येत असतो. फट आली की तो वळसा घालतो, इम्पीडन्स तिथे उसळतो आणि रेडिएशनही वाढतं. या जोडीखाली ग्राउंड अखंडच हवं. एडीसीसाठी ग्राउंड कापायचं का हा वेगळा वाद आहे. मी कापत नाही, भागांची मांडणी वेगळी ठेवतो.

दोन लेयरमध्ये यूएसबीच्या जोडीला लागणारे ९० ओहम कसे साधायचे? १.६ मिमीच्या एफआर४ वर एकटा ५० ओहमचा ट्रेसच सुमारे ३ मिमी रुंद होतो, म्हणजे तुमची ०.२५ मिमीची जोडी ९० च्या बरीच वर आहे. तरी जोडी आखूड असेल तर चालून जातं. हाय-स्पीडचा राइज टाइम किमान ५०० पिकोसेकंद आणि बोर्डावर सिग्नलला मिलिमीटरला सहा-सात पिकोसेकंद लागतात. राइज टाइमच्या सहाव्या भागापेक्षा आखूड, म्हणजे १२ मिमीच्या आत असेल तर इम्पीडन्सची चूक फारशी जाणवत नाही. तुमचं अंतर ६० मिमी आहे. पुढच्या आवृत्तीत फाय कनेक्टरजवळ सरकवा किंवा चार लेयर करा, आणि ट्रेसची रुंदी बोर्डवाल्याकडून स्टॅक-अप (थरांची रचना आणि जाडी) मागवून काढा, दुसऱ्याच्या बोर्डावरून उचलू नका. जोडीतल्या दोन ट्रेसची लांबी जुळवायला तुम्ही जे नागमोडी वळण दिलंय ते मात्र काढून टाका. एका मिलिमीटरच्या फरकाने सहा-सात पिकोसेकंद जातात. २०८० पिकोसेकंदांच्या बिटात ते कोणाला दिसणार?

ईएसडीसाठी, म्हणजे स्टॅटिकच्या झटक्यापासून बचावासाठी, तुम्ही निवडलेला यूएसबीएलसी६ चालेल, साडेतीन पिकोफॅरडच्या आत आहे. "आपल्याकडे स्टॅटिकचा त्रास होत नाही, काढून टाकू का" असंही विचारलंय. रबाळ्यात, ठाण्यात खाडीच्या दमट हवेत नाही होत. माल नागपूरला किंवा मराठवाड्यात कोरड्या हवेत गेला की होतो. ठेवा.

यूएलपीआय तुमच्याकडे चालतंय, म्हणून थोडक्यात. फायकडून येणारं ६० मेगाहर्ट्झचं क्लॉक नसेल तर एसटीएम३२ चा यूएसबी कोअर रीसेटमधूनच बाहेर येत नाही आणि इनिशियलायझेशन टाइमआउट होतं. त्यामुळे नवा बोर्ड आला की मी आधी क्लॉक बघतो, मग फायचा आयडी वाचतो. यूएसबी३३०० चा व्हेंडर आयडी हेक्समध्ये ०४२४ यायला हवा. क्रिस्टल वाचवायला मायक्रोच्या पीएलएलमधून फायला क्लॉक देऊ नका. हाय-स्पीडला ±५०० पीपीएम चालतं, त्यामुळे फ्रीक्वेन्सीची चिंता नसते, जिटरची (क्लॉकच्या ठोक्यांच्या थरथरीची) असते. आणि डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत डेटा हलवणं) वापरणार असाल तर एफ४०७ च्या ६४ केबी सीसीएम रॅममध्ये बफर ठेवू नका, डीएमए तिथे पोचतच नाही.

आता चिप. यूएसबी३३०० मध्ये मला दोष दिसत नाही. फर्मवेअर एफ४०७ वर स्थिरावलं असेल तर त्यावरच राहा. एफटी२३२एच घेतली तरी तिला डेटा भरवायला मायक्रो लागणारच, म्हणजे चिपा दोनच राहिल्या. एफएक्स२एलपी जुनी, भरवशाची, पण तिच्यातला कोअर ८०५१ चा. फर्मवेअर एकतर ईईप्रॉममधून नाहीतर पीसीवरून चढवायचं. मोठी समांतर डेटाधार थेट यूएसबीवर ओतायची तर ती छान. हाय-स्पीड बल्कची कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे ५३ मेगाबाइट आहे. तुम्हाला त्यातले सव्वा लागतात. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

नवीन प्रॉडक्ट कोऱ्या पानावर सुरू करायचं असेल तर मात्र मी आत फाय असलेला मायक्रो घेईन, एसटीएम३२एफ७२३ सारखा. बारा लाइन आणि एक क्यूएफएन (पोटाखाली पॅड असलेली, बिनपायांची चिप) कमी होतो. फक्त जाहिरातीतल्या "ओटीजी एचएस" या अक्षरांवर विसंबू नका. एफ४०७ वरही तीच अक्षरं आहेत, पण तिथे हाय-स्पीडचा फक्त कंट्रोलर आत आहे. बाहेरचा फाय नसेल तर त्याच पिनवर १२ मेगाबिटच मिळतात. डेटाशीटमध्ये "हाय-स्पीड फाय" आत आहे असं स्पष्ट लिहिलेला नेमका पार्ट नंबर बघा, एकाच घराण्यात दोन्ही प्रकार असतात.

एक न विचारलेली गोष्ट. व्हायब्रेशनचे सेन्सर मशीनवर बसतात आणि ग्राउंड लूप होतोच, त्यामुळे आज ना उद्या तुम्हाला आयसोलेशन (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणं) लागेल. तेव्हा एडीयूएम४१६० ही यूएसबी आयसोलेटर चिप शोधाल, कारण ती सगळीकडे दिसते. ती १२ मेगाबिटपर्यंतच आहे, मध्ये टाकली की कार्ड पुन्हा फुल-स्पीडला. हाय-स्पीड चालणारे आयसोलेटरही आता मिळतात, पण मी एडीसी आणि मायक्रोच्या मधल्या एसपीआयवर आयसोलेशन करणं पसंत करतो.

क्रम असा ठेवा: आधी शून्य ओहम, मग त्याच दोन मीटरच्या केबलने लॉग. −७१ गेला आणि फुल-स्पीडचं लचांड उरलं, तर लॅबच्या पॉवर सप्लायवरून कार्डाला स्वतंत्र ५ व्होल्ट द्या. त्यासाठी बोर्डावर व्हीबसची लाइन रेग्युलेटरच्या आधी तोडा, म्हणजे पीसीच्या पोर्टमध्ये उलटा करंट जाणार नाही. फायच्या व्हीबस पिनला मात्र पीसीचाच व्हीबस राहू द्या. तेव्हा कार्ड दर वेळी हाय-स्पीडला आलं तर दोष विजेचाच. त्यानंतरही −७१ अधूनमधून येत असेल तर फट आणि ६० मिमी, म्हणजे नवा बोर्ड.

नवा बोर्ड जुलै-ऑगस्टमध्ये भरायला देणार असाल तर क्यूएफएनच्या पाकिटावरचा एमएसएल (पार्ट ओलाव्याला किती नाजूक आहे त्याचा) आकडा वाचा. एमएसएल ३ असेल तर पाकीट फोडल्यावर १६८ तास मिळतात, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरून. एसी नसलेल्या गाळ्यात पावसाळ्यात तेवढे मिळत नाहीत. उरलेले पार्ट बेक करूनच रीफ्लोला घाला. फायच्या पोटाखालचा पॅड हाच त्याचा खरा ग्राउंड आहे. तो नीट चिकटला नाही तर अशीच कधी लागतं-कधी नाही ही लक्षणं येतात आणि वरून काहीच दिसत नाही.

शून्य ओहम लावल्यावर डीमेसेजचा, म्हणजे लिनक्सचा, पूर्ण लॉग आणि डी मायनसवरच्या चर्पचा स्कोपचा फोटो इथेच टाका, सोबत त्या दोन मीटरच्या केबलवर छापलेली अक्षरंही. फोटोत होस्टची के-जे माळ पूर्ण आली पाहिजे, उंची कुठे आणि कितीवर उतरते ते बघायचंय.